चाळिशीनंतर उडती किक: ब्लॅक बेल्टच्या परीक्षेची तयारी

तायक्वांदोत रेड बेल्टपर्यंत पोहोचलेल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या मनात एक भीती हमखास असते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ती म्हणजे उडत्या किकची. पूमसे, म्हणजे हालचालींचे ठरावीक क्रम, सरावाने पाठ होतात, स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) हळूहळू अंतराचा अंदाज येतो. पण दोन्ही पाय जमिनीवरून सोडून हवेत लाथ मारायची म्हटलं की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला सगळ्यात आधी स्वतःचे गुडघे आठवतात. गेल्या जूनमध्ये पहिल्या दानच्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पहिल्या पायरीच्या, परीक्षेची यादी हातात पडली तेव्हा माझ्या वयाच्या कुणी हे कसं केलं ते मी शोधलं. सापडले ते बहुतेक विशीतल्या मुलांचे व्हिडिओ. म्हणून माझा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे.

यादीत पूमसे, दोन फेऱ्या स्पारिंग, ब्रेकिंग आणि शेवटी उडत्या किक होत्या: त्विओ आप चागी म्हणजे समोरची, त्विओ दोल्यो चागी म्हणजे गोल, त्विओ योप चागी म्हणजे बाजूची आणि त्विओ द्वी चागी म्हणजे पाठीमागची. यातली शेवटची किक फळी फोडून दाखवायची. हा भाग प्रत्येक डोजांगमध्ये, म्हणजे सरावाच्या वर्गात, थोडाफार वेगळा असतो. त्यामुळे पहिली सूचना हीच, की यादी लेखी मागून घ्या आणि कोणती किक हवेत मारायची, कोणती पॅडवर, कोणती फळीवर, हे तेव्हाच विचारून घ्या. तयारी त्यावर ठरते. समोरची उडती किक तशीही चुकवता येत नाही, कारण तेगुक पाल जांग या आठव्या पूमसेत ती आहेच.

सर माझ्याहून बरेच लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात. यादी वाचून झाल्यावर मी विचारलं, "सर, या वयात उडी किती उंच जायला हवी?" ते म्हणाले, "ताई, उडी राहू द्या. आधी उतरायला शिका."

जून आणि जुलैचा बराचसा भाग उतरण्यातच गेला. आधी जागच्या जागी छोटी उडी, मग एका पायावर, मग घोट्याएवढ्या उंचीच्या ठोकळ्यावरून खाली. नियम एकच, मॅटवर आवाज कमीत कमी यायला हवा. पायाचा पुढचा भाग आधी टेकतो, मग टाच, आणि त्याच वेळी घोटा, गुडघा, कंबर तिन्ही वाकत जातात. पाय सरळ ठेवून उतरलं तर धप्प आवाज येतो आणि तो सगळा हिसका गुडघ्याला मिळतो. तायक्वांदो अनवाणी खेळतात, त्यामुळे बुटाच्या तळव्याचा आधारही नसतो. दुसरी गोष्ट गुडघ्याच्या दिशेची. उतरताना गुडघा आतल्या बाजूला कलंडता कामा नये, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहायला हवा. गुडघ्याच्या आतल्या स्नायुबंधांना इजा होते ती बऱ्याचदा अशा कलंडण्यातून. हे आपल्याला स्वतःला जाणवत नाही. फोन समोर जमिनीलगत ठेवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला की लगेच दिसतं. माझा डावा गुडघा किंचित आत जात होता. त्यावर एका पायावर खुर्चीत बसणं-उठणं आणि कमरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम मिळाले. कंटाळवाणे आहेत, पण या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडले ते हेच.

जुलैअखेर उसळीवर आलो. इथे मला मनापासून मजा येऊ लागली, कारण शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र अंगाने कळायला लागलं. पाय जमिनीवरून सुटला की शरीराचा गुरुत्वमध्य कुठल्या वाटेने जाणार हे ठरून गेलेलं असतं. हवेत कितीही हातपाय मारले तरी ती वाट बदलत नाही. उंची, अंतर, गिरकी, सगळं मिळतं ते जमिनीकडून, आणि पाय टेकलेला आहे तोवरच. म्हणून खरी मेहनत शेवटच्या दोन पावलांवर करावी लागते. शेवटून दुसरं पाऊल थोडं लांब टाकायचं, त्यात कंबर खाली येते. शेवटचं पाऊल आखूड आणि झटक्यात, त्यात पुढे धावण्याचा वेग वर वळतो. हात त्याच क्षणी खालून वर. सरांनी मॅटवर चिकटपट्टीच्या दोन खुणा केल्या होत्या आणि कितीतरी दिवस आम्ही लाथ न मारता नुसती ती दोन पावलंच टाकत होतो.

मग गणित मांडून पाहिलं. गुरुत्वमध्य 20 सेंटीमीटर वर गेला तर माणूस हवेत साधारण 0.4 सेकंद असतो. 30 सेंटीमीटरला जवळपास अर्धा सेकंद, 40 ला 0.57 सेकंद. म्हणजे उंची दुप्पट केली तरी वेळ दुप्पट होत नाही, दीडपटही होत नाही. आणि या वेळातला सुमारे 70 टक्के वेळ उडीच्या वरच्या अर्ध्या भागात जातो, कारण वर पोहोचताना वेग कमी होत जातो आणि खाली येताना सुरुवातीला तो कमीच असतो. चांगले खेळाडू हवेत क्षणभर लटकल्यासारखे दिसतात ते यामुळे. माझ्या 20 सेंटीमीटरच्या उडीतही वरच्या टप्प्यात पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ मिळत होता. किक नीट मारायला तो पुरतो, मात्र गुडघा वर जातानाच दुमडून तयार हवा. हे कळल्यावर माझं उंचीचं दडपण बरंच उतरलं.

समोरच्या उडत्या किकमध्ये आधी दुसरा गुडघा वर जातो. उजव्या पायाने किक मारायची असेल तर उजव्याच पायाने रेटा द्यायचा आणि डावा गुडघा छातीकडे खेचायचा. उजवा पाय जमिनीवर असतानाच हा गुडघा जोरात वर आला तर जमिनीवरचा रेटा वाढतो आणि उडीला बळ मिळतं. पाय सुटल्यावर तो वर खेचून काही उपयोग नाही. नंतर डावा गुडघा खाली जातो आणि उजवा पाय सपकन वर येतो, अगदी कात्रीच्या पात्यांसारखा. जमिनीवर किक मारताना उभ्या पायाखाली टेकू असतो. हवेत तो नसतो. एक पाय वर फेकला की बाकीचं शरीर उलट्या दिशेला ओढलं जाणारच. खाली जाणारा डावा पाय तो हिशेब पुरा करतो आणि धड स्थिर राहतं. हे समजण्याआधी मला वाटायचं की पहिला गुडघा समोरच्याला फसवण्यासाठीच असतो. त्यासाठीही तो असतोच. कराटेतली निदान गेरी ही उडती किक हीच कल्पना वापरते आणि कांकू दाई या काताच्या (कराटेतल्या पूमसेच्या) शेवटाकडे ती येते. पहिल्या गुडघ्याला बघून समोरच्याचे हात खाली जातात, दुसरा पाय वर पोहोचतो.

ऑगस्टमध्ये बाजूची आणि सप्टेंबरमध्ये पाठीमागची किक सुरू झाली. बाजूच्या किकचा फोटो सगळ्यांना ठाऊक असतो: एक पाय लांब सरळ, दुसरा पोटाशी दुमडलेला. दुमडलेल्या पायाने माणूस उंच जातो असा समज आहे. तसं होत नाही. पाय पोटाशी घेतला तरी गुरुत्वमध्याची वाट तीच राहते, फक्त पाय जमिनीपासून दूर जातात. अडथळा ओलांडायला किंवा खालून येणारा झाडू, म्हणजे पाय उडवणारी लाथ, चुकवायला ते कामाचं, शिवाय शरीर आटोपशीर राहतं. या किकची ताकद येते धावत आलेल्या अख्ख्या शरीराच्या वेगातून, पण टाच, कंबर आणि खांदा एका रेषेत असतील तरच. कंबर मागे राहिली तर नुसता पाय आपटतो आणि आपणच मागे फेकले जातो. पॅड धरणाऱ्याला तर हा फरक डोळे मिटूनही सांगता येतो. पहिल्या प्रकारात तो दोन पावलं मागे सरकतो, दुसऱ्यात फक्त पॅड हलतं.

पाठीमागच्या किकला मी सगळ्यात जास्त घाबरत होते आणि आता तीच माझी सगळ्यात आवडती आहे. गिरकीची सुरुवात जमिनीवरच होते. डोकं आधी वळतं, खांद्यावरून लक्ष्य दिसतं, हात छातीशी येतात. अंग आवळलं की गिरकी वेगवान होते आणि पाय लांब केला की मंदावते. कोनीय संवेग टिकून राहतो त्याचा हा परिणाम. म्हणजे पाठीमागे सरळ फेकलेली लाथ मारही देते आणि ब्रेकही लावते. पाय उशिरा फेकला तर शरीर लक्ष्याच्या पुढे फिरून जातं आणि किक तिरकी लागते. सर यासाठी माझ्यामागे पॅड घेऊन उभे राहायचे आणि एकच शब्द बोलायचे, "बघा!" आधी बघायचं, मग पाय. लक्ष्य दिसायच्या आत पाय निघाला की ते पॅड बाजूला घ्यायचे.

सप्टेंबरच्या शेवटी डाव्या गुडघ्याच्या वाटीच्या खाली दुखायला लागलं. जिना उतरताना जास्त, वॉर्मअपनंतर कमी, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. फिजिओथेरपिस्टची वेळ मिळायला दीड आठवडा गेला, आणि सगळं सोडून द्यावं लागणार या विचाराने तो मला फार लांब वाटला. निदान झालं जंपर्स नी, म्हणजे वाटीखालच्या कंडरेवर (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर) एकदम वाढलेला ताण. पूर्ण विश्रांती घ्या असं त्यांनी सांगितलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. उड्या काही काळ बंद, पण कंडरेला हळूहळू वाढत जाणारा भार द्यायचा: भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं थांबणं, मग सावकाश स्क्वॉट, मग वजन घेऊन. कंडरा विश्रांतीने शांत होते पण बळकट होत नाही, हे त्यांनी समजावलं. ऑक्टोबर जवळपास सगळा त्यात गेला. माझ्या एकूण खर्चात परीक्षेच्या फीखालोखाल फिजिओथेरपी हाच मोठा आकडा होता, तेव्हा त्याची तजवीज मनात ठेवा.

परत आल्यावर वेळापत्रक बदललं. उड्या नेहमी वॉर्मअपनंतर लगेच, अंग ताजं असताना. वर्गाच्या शेवटी, पाय थकल्यावर कधीच नाही. उड्यांच्या दोन सत्रांत किमान दोन दिवसांचं अंतर. उड्यांच्या अगदी आधी बराच वेळ ताणून धरायचे स्ट्रेच करायचे नाहीत, त्याने स्नायूंचा जोर तात्पुरता कमी होतो. पाय झुलवणं, गुडघे उचलून चालणं असे हलते व्यायाम तिथे चांगले. ताणून धरायचे स्ट्रेच शेवटी. आणि मॅटच्या तुकड्यांमधल्या फटी सुरुवातीलाच पायाने चाचपून दाबून घ्यायच्या. घामाचे थेंब पडले असतील तर पुसायचे. फटीत बोट अडकून मुरगळलेलं मी वर्गात पाहिलं आहे.

सक्तीच्या विश्रांतीत एका प्रश्नाने मला बरंच छळलं: हे सगळं कशासाठी? खऱ्या मारामारीत हवेत कोण जातं? घोडेस्वाराला खाली पाडण्यासाठी ही किक निघाली, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. घोड्याची पाठच साधारण दीड मीटरवर, स्वाराची छाती दोन मीटरच्याही वर. कसलेला माणूस तिथवर पाय नेईलही, पण हातात भाला असलेल्या स्वारापुढे स्वतःहून हवेत जाणं कुणी पहिला पर्याय म्हणून निवडेल हे मला पटत नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, नोव्हेंबरमध्ये स्पारिंगला उभ्या राहा, मग बोलू."

नोव्हेंबरमध्ये उत्तर मिळालं. आमच्या वर्गातला एक उंच मुलगा सरळ चाल करून येतो. मागे सरकलं की तो आणखी पुढे येतो. एकदा मागे न सरकता मी जागच्या जागी जेमतेम वीतभर उडी घेऊन पाठीमागची किक मारली. तो आधीच पुढे झुकला होता, थांबणं त्याच्या हातात नव्हतं. किक थेट चेस्ट गार्डवर लागली. हवेत गेल्यावर मला दिशा बदलता येत नाही ही माझी अडचण. म्हणून समोरच्यालाही दिशा बदलता येणार नाही असा क्षण निवडायचा. उडीने पाठीमागे थोडी जागा मिळते, पाय झाडूपासून सुटतो, आणि लांबचं अंतर एका झेपेत कापता येतं. उंची या कशातच फारशी लागत नाही. ऑलिंपिकमध्ये खेळल्या जाणाऱ्या तायक्वांदोच्या नियमांतही उडीला वेगळे गुण नाहीत, गिरकीला आहेत: छातीच्या साध्या किकला 2, डोक्याला 3, गिरकी घेऊन छातीला 4 आणि डोक्याला 5. मुए थाईत उडता गुडघा मारतात तोही बहुधा प्रतिस्पर्धी मागे रेटला गेला असताना किंवा डोकं खाली झुकवत असताना. उंच, देखण्या उड्यांची जागा वेगळी आहे. वूशूच्या ताओलूत (ठरावीक क्रमांच्या सादरीकरणात), प्रात्यक्षिकांत, आयटीएफ या वेगळ्या संघटनेच्या तायक्वांदोतल्या स्पेशल टेक्निक प्रकारात उंचावरच्या फळीपर्यंत पाय नेणं हेच कौशल्य असतं, आणि ते फार अवघड आहे. आपल्याला यातलं काय हवं आहे ते ठरवून त्याप्रमाणे सराव केलेला बरा.

डिसेंबरमध्ये कागदपत्रं. कुक्कीवॉनचं, म्हणजे तायक्वांदोच्या कोरियातल्या मुख्य संस्थेचं, दान प्रमाणपत्र हवं असेल तर अर्ज आपण थेट करत नाही, तो प्रशिक्षकांमार्फत जातो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दानऐवजी पूम मिळतो, एवढाच वयाचा मोठा फरक. वरची मर्यादा मला कुणी सांगितली नाही. माझ्याकडून मागितलं ते असं: जन्मतारखेचा पुरावा, फोटो, आधीच्या बेल्टची प्रमाणपत्रं, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला आणि सहीचं संमतिपत्र. माझ्या आधीच्या एका प्रमाणपत्रावर नावातलं एक अक्षर चुकीचं छापलेलं निघालं. ते दुरुस्त करून मिळेपर्यंत जवळपास तीन आठवडे गेले आणि अर्जाची मुदत अगदी तोंडावर आली. जुनी प्रमाणपत्रं आजच काढून पासपोर्टवरच्या स्पेलिंगशी ताडून पाहा, कारण नवीन प्रमाणपत्रावर तेच स्पेलिंग जाणं सोयीचं असतं. खर्चाच्या बाबतीत परीक्षेची फी, कुक्कीवॉनच्या नोंदणीची फी, नवा डोबोक (गणवेश) आणि बेल्ट, सरावाच्या फळ्या हे सगळं वेगवेगळं धरा. कुठल्या रकमेत काय येतं हे आधी विचारा. मी विचारलं होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ झाली नाही.

परीक्षा जानेवारीच्या अखेरीस, रविवारी. सकाळी आठला बोलावलं आणि माझा नंबर दुपारी एकच्या सुमारास आला. ही वाट पाहणं उडत्या किकसाठी वाईट, अंग पूर्ण थंड होतं. दर अर्ध्या तासाने उठून मी दोरीशिवाय दोरीउड्या मारल्यासारखं हलकं उसळत होते आणि पायात मोजे घालून बसले होते. सोबत एखादी जाड शाल किंवा ट्रॅकसूट न्याच.

पूमसे आणि स्पारिंग सुरळीत झालं. समोरची, गोल आणि बाजूची किक हवेत दाखवली. फळीच्या वेळी धरणारे दोघे नवीन होते. सरांनी आधीच शिकवलं होतं की फळी कशी धरली आहे ते स्वतः पाहायचं: लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात, त्या दिशेच्या दोन कडा धरलेल्या हव्यात, म्हणजे फळी रेषेवर दुभंगते. एकाने उलटी धरली होती. मी हात वर करून परीक्षकांची परवानगी घेतली आणि ती फिरवून घेतली. असं सांगायला संकोच वाटतो, पण परीक्षकांनी शांतपणे मान डोलावली. मग वळले, खांद्यावरून फळी दिसली, आणि पाय गेला. टाचेला फळी लागल्याचं जाणवलंही नाही, फक्त आवाज आला. उतरल्यावर गुडघा सरळ बोटांच्या रेषेत आहे का, हे मी सवयीने खाली बघून घेतलं.

निकाल आठवड्याभरात कळला, प्रमाणपत्र मार्चमध्ये आलं. आल्याबरोबर नाव, जन्मतारीख आणि दान क्रमांक तपासून त्याचा फोटो काढून ठेवला. दुसऱ्या दानसाठी किमान एक वर्ष थांबावं लागतं. सरांनी त्याची यादी दिली आहे, त्यात गिरकी घेऊन मारायची उडती हुक किक आहे. तिचा सराव जूनपासून, तोवर आठवड्यातून दोनदा कंडरेचे व्यायाम आणि ठोकळ्यावरून आवाज न करता उतरणं चालू आहे.